आकडा चढला, तर आधी गोळ्यांचा हिशेब

इमॅटिनिबवर असलेल्या सीएमएलच्या रुग्णाचा बीसीआर-एबीएलचा आकडा चढला की डोस वाढवायचा किंवा दुसऱ्या पिढीचे औषध लिहायचे, ही घाई आपल्याकडे वाढते आहे. त्याआधी रुग्णाला एक प्रश्न विचाराच: गोळ्या रोज घेता ना?

या आग्रहाचे कारण बीसीआर-एबीएल या कायनेजच्या घडणीतच आहे. एटीपीवरचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनातल्या टायरोसीनवर बसवणे, हे एबीएलचे काम. निरोगी पेशीत त्याच्या टोकाचा मिरिस्टॉइल गट त्याच्याच एका खोबणीत रुतून त्याला आवरून धरतो. ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या अदलाबदलीत (जॅनेट रौली यांनी ती १९७३ मध्ये दाखवली) हे टोक गळून पडते. वर बीसीआरचा जोडला गेलेला भाग रेणूंना एकत्र आणतो. ते एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि रास, स्टॅट-५ यांच्या वाटेने वाढीचा संदेश सतत जात राहतो.

इमॅटिनिब एटीपीची जागा अडवते, तीही कायनेज निष्क्रिय रूपात असताना. जनुक तसेच राहते, सुप्त मूळपेशीही बहुतांशी तगून राहतात. औषधाचे अर्धायुष्य सुमारे १८ तास. गोळ्या वरचेवर चुकल्या की कायनेज पुन्हा मोकळे. लंडनमधल्या २०१० च्या अभ्यासात नव्वद टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेणाऱ्यांत मेजर मॉलिक्युलर रिस्पॉन्स इतरांपेक्षा खूपच कमी जणांना मिळाला होता.

गोळ्या नियमित असूनही आकडा चढत असेल, तर म्युटेशनची तपासणी करावी. टी३१५आय असेल तर डॅसाटिनिब, निलोटिनिब दोन्ही निरुपयोगी. तिथे पोनाटिनिब किंवा असिमिनिब लागते. असिमिनिब त्या मिरिस्टॉइलच्या खोबणीतच बसते. मूलभूत संशोधन थेट रुग्णापर्यंत पोचल्याचे इतके सुंदर उदाहरण आम्हाला दुसरे आठवत नाही.

गोळ्यांचा प्रश्न दरडावून विचारला तर उत्तर ‘हो’च येणार. पायात गोळे येतात का, डोळ्यांभोवती सूज येते का, उलट्या होतात का, गावी गेल्यावर गोळ्या संपल्या होत्या का, असे विचारले की माणूस बोलता होतो. बरे वाटते म्हणून गोळ्या सोडणारेही असतात. रुग्णाला पुढे पाठवताना चिठ्ठीत बीसीआर-एबीएलच्या आकड्याशेजारी मागच्या तीन महिन्यांत चुकलेल्या गोळ्यांची संख्याही लिहा.