वाड्यांतील शस्त्रे आणि विटेची भुकटी

खंडेनवमी जवळ आली की खानदेशातील जुन्या वाड्यांत माळ्यावरच्या तलवारी आणि कट्यारी खाली उतरतात. विटेची भुकटी, चिंच आणि अलीकडे काचकागद यांनी पाती लख्ख घासली जातात, हळदकुंकू वाहिले जाते आणि दसरा सरला की शस्त्रे म्यानात जाऊन पुन्हा माळ्यावर पडतात. यामागील श्रद्धेविषयी शंका नाही. परंतु या घासण्यात प्रतिवर्षी थोडा इतिहास झडून जातो, हे कोणी तरी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

जुनी तलवार मुठीवरून ओळखावी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. आपल्याकडे पाते मुठीत लाखेने बसवीत. लाख तापवून जुनी मूठ काढणे व नवी चढविणे हे शिकलगाराचे नित्याचे काम होते. त्यामुळे पाते एका शतकातले आणि मूठ दुसऱ्या, असे सर्रास आढळते. युरोपातून आलेल्या पात्याला देशी मूठ बसवून तर ‘फिरंग’ हा प्रकारच रूढ झाला. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनच्या लिलावात विकत घेतलेली नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार याच जातीची. तिचे पाते युरोपीय घडणीचे; तरीही ती रघूजींची म्हणून ओळखता येते, याचे कारण पाठीवर मुठीजवळ सोन्याने कोरलेली देवनागरी अक्षरे. एखाद्या भक्तिमान वंशजाने तेवढीच जागा चार दसरे काचकागदाने घासली असती, तर लिलावात एक अनामिक फिरंग उरली असती!

शस्त्र स्वच्छ करूच नये, असा याचा अर्थ नव्हे. जावा बेटातील ‘क्रिस’ नावाच्या खंजिराचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. तेथेही सुरो महिन्यात घरोघरीची शस्त्रे विधिपूर्वक धुतात. पण तेथील जाणकार पात्यावर लिंबाचा रस व सोमल यांचा लेप देतो. लोखंड काळवंडते, निकेलयुक्त थर पांढरे राहतात आणि घडणीतील नक्षी उठून दिसते. त्या नक्षीवरून, तसेच पात्याच्या वळणांच्या संख्येवरून क्रिसची जात ठरते. तेथील स्वच्छतेने ओळख उजळते, आपल्याकडील स्वच्छतेने ती पुसते. (सोमल जहाल विष आहे, घरी हा प्रयोग कोणी करू नये.) आपल्या उत्तम पोलादी पात्यांतही लाटांसारखी नक्षी असते. ती घासण्याने दिसेनाशी झाली तरी तज्ज्ञाला पुन्हा उमटविता येते. झिजलेली अक्षरे मात्र परत येत नाहीत.

वास्तविक घरी करावयाचे काम थोडकेच आहे. सुटा तांबडा गंज हलक्या तेलाने व मऊ फडक्याने काढावा. घट्ट बसलेल्या काळसर थराला हात लावू नये. पाते उघड्या हाताने धरू नये, कारण घामातील क्षाराने नवा गंज धरतो. चामड्याच्या म्यानात ओल साठते. म्हणून पाते व म्यान निरनिराळे ठेवावे.

ओळख पटविण्याचे काम मात्र एकट्यादुकट्याचे नाही, आणि त्यासाठी खानदेशाला पुण्या-मुंबईकडे पाहण्याचेही कारण नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात निवर्तले. त्यांनी गावोगाव हिंडून जमविलेली दप्तरे सांभाळण्यासाठी १९२७ पासून तेथे संशोधन मंडळ उभे आहे. जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे. या दोन संस्थांनी मिळून नवरात्रापूर्वी तालुक्यातालुक्यांत शस्त्रांची नोंद केली, तर ती अशक्य कोटीतील गोष्ट नाही. शस्त्रे ताब्यात घेण्याचा विचारही नसावा. तशी नुसती कुणकुण लागली तरी माळ्याचे दार बंद होईल. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपूर्वीची अशी वस्तू खाजगीरीत्या परदेशी पाठविता येत नाही, एवढे मात्र मालकास सांगून ठेवावे.

गावच्या इतिहास-शिक्षकांनी या कामी पुढे यावे. लांबी, वजन, मुठीचा आकार, पात्यावरील प्रत्येक खूण आणि छायाचित्र एवढे पुरे. घरातील वृद्ध सांगतील ती कथा, मग ती पानिपताची असो वा भिल्ल पलटणीची, वेगळ्या रकान्यात जशीच्या तशी लिहावी.