नादारी म्हणजे गुन्हा नव्हे

आमच्या गल्लीतल्या एका चाचांचं लेथ मशीनचं वर्कशॉप होतं. मोठ्या गिऱ्हाईकाचं बिल थकलं, बँकेचा हप्ता चुकला, तो भरायला सावकाराकडून पैसे उचलले. एका रात्री ते कुटुंबासह घर सोडून गेले. सकाळी कट्ट्यावर एकच वाक्य, 'दिवाळं काढून पळाला.' दिवाळं काढायचा कायदेशीर मार्ग त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. मलाही तेव्हा माहीत नव्हता.

कंपनीसाठी २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता आहे. एक कोटीची थकबाकी झाली की प्रकरण मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात नेता येतं. लघुउद्योगांसाठी २०२१ पासून दहा लाखांवर सोपी तडजोडीची वाट आहे, पण कंपनी किंवा एलएलपी असेल तरच. शिरोली, गोकुळ शिरगावात एकट्याच्या नावावर धंदा करणाऱ्याला ती बंद.

व्यक्तींसाठीचा भाग त्याच संहितेत छापलेला आहे. तो डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तोही फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. त्यातली गरिबांना कर्जमुक्त करणारी तरतूद तर वर्षाला साठ हजारांपर्यंत उत्पन्न आणि पस्तीस हजारांपर्यंत कर्ज असणाऱ्यांपुरतीच. आज एवढ्यात कोण बसतो?

मग उरतो इंग्रजांचा १९२० चा कायदा. पाचशे रुपयांच्या वर कर्ज असलेला, ते फेडू न शकणारा माणूस जिल्हा न्यायालयात नादारीचा अर्ज करू शकतो. नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, तारण ठेवलेली वस्तू बँक सोडत नाही, सरकारी देणीही माफ होत नाहीत. पण कारागिराची हत्यारं जप्तीतून वाचतात, सावकाराला न्यायालयाच्या परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही आणि पुढे कर्जमुक्तीचा आदेश मागता येतो.

सावकार विनापरवाना असेल, तर २०१४ च्या कायद्यानुसार गुन्हेगार तोच ठरतो. तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करायची.

कुणी म्हणेल, अशानं लोक कर्ज बुडवायला शिकतील. पण बुडवणारा मालमत्ता लपवतो, नादार ती न्यायाधीशापुढे मांडतो. कंपनी बुडाली तर तिला 'पुनर्रचना' म्हणायचं आणि लेथवाला बुडाला तर 'पळपुटा', हा न्याय मला मान्य नाही. सरकारनं व्यक्तींचा भाग लागू करावा, मर्यादा वाढवाव्यात. तोवर अडचणीतल्या माणसानं रातोरात गाव सोडण्याआधी एकदा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची पायरी चढावी. उत्पन्न कमी असेल तर वकील फुकट मिळतो.