झाक काढा, माणूस राहू द्या

कार्यक्रम संपला की आपल्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो : "फोटो एडिट करून टाक ना!" एडिट म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. गेली दोन वर्षं आपल्या मंडळाचे फोटो मी बघतोय, म्हणून थोडं बोलायचा हक्क घेतो.

पिवळ्या बल्बखाली पांढरा सदरा आपल्याला पांढराच दिसतो, कारण मेंदू सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला हे दर वेळी जमत नाही. मेणबत्तीचा प्रकाश साधारण १९०० केल्विनचा, पिवळ्या बल्बचा २७०० ते ३०००, भर दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास आणि सावलीतला त्याहून वर, म्हणजे निळसर. कॅमेऱ्याचा अंदाज चुकला की सगळ्या फोटोवर एकच रंग चढतो. तीच झाक. ती काढायला टेम्परेचर आणि टिंट असे दोन स्लायडर असतात. पहिला निळा-पिवळा सांभाळतो, दुसरा हिरवा-जांभळट. नाहीतर ड्रॉपर घ्यायचा आणि मुळात करड्या असलेल्या जागेवर क्लिक करायचं. गिम्पसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही हे सगळं आहे.

पण आपल्याला घाई असते, म्हणून आपण 'ऑटो' दाबतो. ऑटोला समोर काय चाललंय ते कळत नाही. तो लाल, हिरवा आणि निळा यांचा हिशेब जुळवतो, बस्स. खानापूरला मावसबहिणीच्या हळदीचे फोटो मी असेच ऑटोवर सोडले होते. सगळीकडे पिवळं दिसल्यावर त्याला ती झाक वाटली आणि त्याने ती पुसून टाकली. आजीने मोबाईल लांब धरून बघितलं आणि म्हणाली, "काय रे, पोरीला हळद लावली की राख फासली?" नाताळच्या कॅरल्सचंही तेच. मेणबत्तीचा पिवळा उजेड पूर्ण काढला तर ती संध्याकाळच उरत नाही. तिथे झाक थोडी कमी करावी, संपवू नये.

इथपर्यंत चूक यंत्राची. पुढची आपली. "झाक काढ" म्हणता म्हणता आपण "जरा उजळ कर" म्हणतो आणि उजळ म्हणजे गोरं, हे कुणी न सांगता समजून घेतो. मीही घेतलं. स्नेहसंमेलनातल्या नाचाच्या एका फोटोत वर्गातल्या मैत्रिणीचा चेहरा मी बराच उजळला आणि कौतुकाने तिला पाठवला. तिचं उत्तर आलं, "फोटो छान आलाय. पण यात मी कुठाय?" त्यावर मला काही लिहिता आलं नाही.

ही सवय जुनी आहे. फिल्मच्या काळात प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅक कंपनी लॅबना 'शर्ली कार्ड' द्यायची. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. तिची कांती नीट आली की रंग बरोबर धरायचे. सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्यात हरवायचे. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं. आज आपल्या हातात कार्ड नाही, स्लायडर आहे. मग तीच चूक आपण आपल्याच माणसांवर का करायची?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्या फोटो टीमने बॅगेत एक ग्रे कार्ड ठेवावं. प्रत्येक ठिकाणी उजेड बदलला की आधी त्याचा एक फोटो घ्यावा. जमेल तिथे रॉ फाइल ठेवावी, म्हणजे नंतर रंग न बिघडवता दुरुस्ती करता येते. ड्रॉपर कार्डावर लावावा, कुणाच्या गालावर नाही. आणि अंकात फोटो लावण्याआधी तो त्या माणसाला दाखवावा. त्याने स्वतःला ओळखलं तर रंग जमला.