गोडादऱ्याहून: प्रगणक दारात येण्याआधी वाचायची चार पुस्तकं



बेळगावच्या एका मित्राने परवा फोनवर विचारलं, "डोक्याला चालना देणारं नवीन काय वाचलंस?" कथा-कादंबऱ्या सोडून सांग म्हणाला. चार नावं सांगितली. त्यातल्या एकावरून आमचं भांडण झालं. ते भांडण तुमच्यापुढे ठेवतो, कारण ते सगळ्या सीमाभागाचं आहे.

आधी आमचा गोडादरा. सुरतेचा हा भाग खानदेशी माणसांनी भरलेला. धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेली कुटुंबं इथे दोन-तीन पिढ्यांपासून आहेत. लूमवर हिंदी, दुकानात गुजराती, घरात अहिराणी, आणि लग्नपत्रिका मात्र मराठीत. 2027 च्या जनगणनेत प्रगणक विचारणार, मातृभाषा कोणती? त्या एका रकान्यात काय लिहायचं, यावर आमच्या गल्लीत आत्तापासून चर्चा आहे.

पहिलं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांकडे असेल. डॉ. दीपक पवार यांनी संपादित केलेलं 'महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद : संघर्ष आणि संकल्प', शासनाने 2021 मध्ये प्रकाशित केलेलं. आपली बाजू पाठ आहे असं वाटणाऱ्यांनी तर आवर्जून वाचावं. आपल्या मागणीचे चार निकष आपण घोषणेसारखे म्हणतो: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. यातला चौथा शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

दुसरं, चिन्मय तुंबे यांचं 'इंडिया मूव्हिंग' (2018, इंग्रजीत). भारतातल्या स्थलांतराचा इतिहास. गाव सोडलेला माणूस म्हणजे अपवाद, हा समज यातून जातो. सीमाप्रश्न आपण कायम जमिनीचा म्हणून मांडतो. रेषा इकडे की तिकडे. पण उधन्याला गाडीतून उतरलेल्या माणसाने स्वतःची रेषा स्वतःच ओलांडलेली असते. त्याची भाषा टिकवायची तर नकाशा बदलून भागणार नाही. त्याला शाळा लागते, मास्तर लागतो, वाचनालय लागतं.

तिसरं, पेगी मोहन यांचं 'वाँडरर्स, किंग्ज, मर्चंट्स' (2021, हेही इंग्रजीत). बाहेरून आलेली माणसं आणि आधीपासून राहणारी माणसं यांच्या मिसळणीतून आपल्या भाषा कशा घडल्या, ते यात आहे. संस्कृतातले ट, ड, ण हे मूर्धन्य ध्वनीसुद्धा या मातीतल्या आधीच्या भाषांच्या संगतीचे, अशी त्यांची मांडणी. शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्याला हे पुस्तक झोंबतं. झोंबू द्या.

चौथं तितकं नवीन नाही, 2013 चं आहे, पण भांडण त्याच्यावरूनच झालं. गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड, संपादक अरुण जाखडे. यात अहिराणीची स्वतंत्र नोंद आहे. मित्र म्हणाला, "हे असलं वाचायला सांगू नकोस. अहिराणी वेगळी म्हटली की मराठीचा आकडा घटतो, आणि आकडा घटला की हक्क गेला."

त्याची भीती खोटी नाही. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळण्यासाठी लोकसंख्येच्या 15 टक्क्यांची अट तुम्ही बेळगावकरांनी किती वर्षं ऐकली आहे! घटनेचं कलम 350 अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्या असं सांगतं, आणि तिथेही शेवटी मुलांची संख्या मोजली जाते. 2011 च्या जनगणनेत 'खानदेशी' या नावाखाली सुमारे 18 लाख 60 हजार माणसं मोजली गेली, आणि ती मराठीत धरलेली नाहीत. त्याच्याही शंभर वर्षं आधी ग्रिअर्सनने आपल्या सर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात घातली आणि खानदेशी नवव्या खंडात, भिल्ली भाषांसोबत.

पण मग डांग आठवा. डांगी ही गुजरातीची बोली की मराठीची, यावर दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी खूप भांडण केलं आणि 1960 मध्ये डांग गुजरातेत राहिला. "तुम्ही जे बोलता ते आमचंच" असं बाहेरच्याने सांगणं आपल्याला तेव्हा अन्याय वाटलं. आज जनगणनेत डांगी ना गुजरातीखाली, ना मराठीखाली. ती खानदेशीखाली मोजतात. म्हणजे भांडणाऱ्या दोघांनाही डांगच्या माणसाचं घर नीट ऐकू आलं नव्हतं.

आता तीच चूक आपण गोडादऱ्यात करायची का? आमच्या शेजारच्या आजीला मी रकान्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "घरमा ते अहिराणीच बोलतस ना, भाऊ." तिला "मावशी, मराठी लिहा" असं पढवणं म्हणजे कर्नाटकाच्या कचेरीत तुमच्यावर जे होतं तेच झालं, फक्त हुकूम देणारा आपला.

माझं मत असं. ज्याच्या घरी जी भाषा, ती त्याने लिहावी. इतर येणाऱ्या भाषांच्या जागी मराठी जरूर लिहावी. आकडा थोडा घटेल, हे मान्य. पण मराठी शाळेची मागणी आकड्याच्या जोडीला लोकेच्छेवरही उभी करता येते. अहिराणी बोलणारी आई मुलाला मराठी शाळेत घालायला मागते, ही तिची इच्छा आहे. तिची सही घ्या, अर्ज करा, वर्ग मागा. दुसऱ्याच्या घरची भाषा पुसून मिळवलेला आकडा कोर्टात कदाचित चालेल. पण त्यानंतर लोकेच्छा हा शब्द आपल्या तोंडी शोभणार नाही.

मित्राला हे अजून पटलेलं नाही. चौथं पुस्तक त्याला पाठवतोय. वाचून भांडायला ये म्हटलंय. तुम्हीही या.