खेळाडूंच्या कार्डांचा बाजार कोण चालवितो?

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात मिकी मँटल ह्या बेसबॉलपटूचे १९५२ सालचे एक पुठ्ठ्याचे कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरांस विकले गेले. तीनच वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, मायकेल जॉर्डन व कोबी ब्रायंट ह्या बास्केटबॉलपटूंच्या सह्या असलेल्या एका कार्डाने १ कोटी २९ लाख ३२ हजार डॉलरांचा भाव मिळवून तो उच्चांकही मागे टाकला. अशा वार्ता वाचून सामान्य मनुष्य एवढेच म्हणतो की, श्रीमंतांस पैसा कोठे ठेवावा हे कळेनासे झाले आहे. परंतु व्यापाऱ्यास एवढ्यावर थांबता येत नाही. माल कोण आणतो, तो तोलतो कोण, भाव कोण बोलतो आणि अखेर पैसा कोणाच्या खिशातून जातो, हे चार प्रश्न विचारल्यावाचून कोणतीही पेठ समजली असे म्हणता यावयाचे नाही. तेच प्रश्न ह्या विलक्षण पेठेस लावून पाहण्याचा येथे विचार आहे.

प्रथम ह्या मालाचे मूळ पाहू. खेळाडूंची कार्डे हा आरंभी स्वतंत्र माल नव्हताच; दुसरा माल खपावा म्हणून दिलेले ते आमिष होते. १९०९ ते १९११ ह्या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची चित्रे वाटली. त्यांतील होनस वॅग्नर ह्याचे कार्ड लवकरच छापावयाचे थांबले, आणि म्हणूनच आज ते मोजकेच उरले आहे. २०२२ मध्ये त्यातील एक ७२ लाख ५० हजार डॉलरांस गेले. पुढे ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने च्युइंगम खपविण्यासाठी तीच युक्ती योजिली. १९५२ ची तिची न खपलेली खोकी वखारीत जागा अडवू लागली, तेव्हा १९६० साली ती बोटीत घालून अटलांटिक समुद्रात बुडविण्यात आली, असे ती मालिका सिद्ध करणारे साय बर्जर स्वतःच सांगत असत. त्याच मालिकेतील मँटलचे कार्ड आज कोटीचा भाव खाते! तात्पर्य, जुन्या कार्डांची दुर्मिळता कोणी योजिलेली नव्हती. मुलांनी ती खेळून फाडली, आयांनी केरात टाकली, कंपनीने समुद्रात लोटली. जे उरले ते दैवयोगाने उरले.

आजची स्थिती नेमकी उलट आहे. आता दुर्मिळता छापखान्यातच तयार होते. एकाच खेळाडूच्या एकाच कार्डाच्या अनेक रंगांच्या आवृत्त्या निघतात. एकीवर पन्नासांपैकी अमुक क्रमांक, दुसरीवर दहांपैकी अमुक, आणि एखादीवर 'एकमेव' असा शिक्का असतो. पॉल स्कीन्स ह्या तरुण गोलंदाजाचे असेच एकमेव कार्ड कॅलिफोर्नियातील अकरा वर्षांच्या मुलास एका पाकिटात सापडले आणि मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकले गेले. त्याची वार्ता देशभर पसरली. ती वार्ता म्हणजे उत्पादकाची फुकटची जाहिरातच होती, कारण त्या एका पाकिटाच्या आशेवर इतर लक्षावधी पाकिटे खपतात.

तेव्हा हा बाजार धनिक चालवितात काय? माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. धनिकांमुळे ठळक मथळे मिळतात. उलाढाल मिळत नाही. २०२० साली साथीच्या रोगामुळे लोक घरात कोंडले गेले, हाती सरकारी साहाय्याचा पैसा आला, आणि त्याच सुमारास जॉर्डनवरील चित्रमालिका दूरदर्शनवर गाजली. तिशी-चाळिशी उलटलेल्या असंख्य गृहस्थांस आपले बाळपण आठवले व त्यांनी माळ्यावरची खोकी खाली काढली. पाठोपाठ कार्डांस दर्जा देणाऱ्या पी. एस. ए. ह्या संस्थेकडे मालाचा एवढा ढीग साचला की, मार्च २०२१ मध्ये तिला आपली बहुतेक कामे बंद ठेवावी लागली. मे २०२१ मध्ये टार्गेट ह्या दुकानसाखळीस, वाहनतळावर झालेल्या हाणामारीनंतर, दुकानातील कार्डविक्री थांबवावी लागली. ही गर्दी कोट्यधीशांची नव्हती. ती महिन्याच्या कमाईतून शे-दोनशे डॉलर बाजूस काढणाऱ्या मध्यमवर्गीयांची होती. पेठेतील पैसा ह्या किरकोळ, परंतु पुनःपुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकाचा आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

मात्र पैसा ज्याचा, सूत्रे त्याचीच, असे नाही. सूत्रे तीन ठिकाणी आहेत. पहिले ठिकाण परवान्याचे. ऑगस्ट २०२१ मध्ये फॅनॅटिक्स ह्या कंपनीने बेसबॉल, बास्केटबॉल व अमेरिकन फुटबॉल ह्या तिन्ही खेळांच्या कार्डांचे भावी हक्क मिळविले, आणि जानेवारी २०२२ मध्ये टॉप्सचा कार्डांचा व्यवसायही विकत घेतला. ह्याविरुद्ध पानिनी ह्या प्रतिस्पर्धी कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये मक्तेदारीचा आरोप करून न्यायालय गाठले. दुसरे ठिकाण तोलाचे. कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग व चित्राची मांडणी तपासून एक ते दहा असा दर्जा दिला जातो. नऊ आणि दहा ह्यांतील भेद साध्या डोळ्यांस क्वचितच दिसतो; पण भावात कित्येक पट अंतर पडते. तिसरे ठिकाण विक्रीच्या चौथऱ्याचे. आता कॅमेऱ्यासमोर खोकी फोडण्याची प्रथा फोफावली आहे. बेसबॉलच्या तीस संघांपैकी एकेक संघ एकेका गिऱ्हाइकास आगाऊ विकावयाचा, आणि ज्याच्या संघाचे कार्ड निघेल ते त्याचे. बहुतेकांच्या पदरी मोलाचे काहीच पडत नाही. खोक्याचा पैसा मात्र विक्रेत्याकडे नफ्यासह आधीच जमा झालेला असतो.

येथपर्यंतही फारसे बिघडले नसते. उत्पादक, तोलारी आणि अडत्या हे तिघे वेगळे असले, म्हणजे एकमेकांवर त्यांचा आपोआप वचक राहतो. पण ही कुंपणे झपाट्याने मोडत आहेत. फॅनॅटिक्सने उत्पादनाबरोबरच थेट विक्रीचा व लिलावाचा धंदाही हाती घेतला. पी. एस. ए. ज्या कंपनीची, तिनेच २०२४ साली एस. जी. सी. ही दुसरी दर्जासंस्था विकत घेतली. गोल्डिन हे लिलावगृहही त्याच वर्षी ईबेकडे जाईपर्यंत तिच्याच मालकीचे होते. शिवाय तपासणीचे शुल्क कार्डाच्या किमतीनुसार चढते. दर्जा वर गेल्याने माल महाग ठरला, तर तोलणाऱ्याची दलालीही वाढते. असा तराजू सचोटीने धरणारा असेलही. पण तराजूची व्यवस्था धरणाऱ्याच्या सद्गुणावर सोडून द्यावयाची नसते, हे कोणत्याही मोंढ्यातील अनुभवी माणूस सांगेल.

ही भीती काल्पनिक नाही. पी. एस. ए. ची स्थापना १९९१ सालची. तिने ज्या पहिल्या कार्डास दर्जा दिला ते वॅग्नरचेच एक कार्ड होते आणि दर्जा होता आठ. पुढे २०१३ साली बिल मास्ट्रो ह्या लिलावदाराने न्यायालयात कबूल केले की, त्या कार्डाच्या कडा आपण कापून सारख्या केल्या होत्या. म्हणजे तोलाचा आरंभच फसलेल्या मालाने झाला होता. पेठेने ते पचविले. प्रत्येक वेळी पचेलच असे नाही.

पूर्वी एकदा पचले नव्हते. १९८१ नंतर टॉप्सची मक्तेदारी सैल होऊन फ्लीअर व डॉनरस, आणि १९८९ मध्ये अपर डेक, असे उत्पादक पुढे आले. भाव चढताच लोकांनी बंद खोकी भविष्यासाठी साठविली व कंपन्यांनी बेसुमार छपाई केली. सर्वांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मिळ कशी होणार? १९९४ च्या खेळाडूंच्या संपाने उरलीसुरली हौसही मोडली. अलीकडेही हेच दिसले. १९८६ चे जॉर्डनचे कार्ड, दहा दर्जाचे, जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजार डॉलरांस गेले आणि पुढील दीड वर्षात त्याचा भाव दोन लाखांच्या आसपास घसरला. त्याच दर्जाची तशी कार्डे तीनशेहून अधिक आहेत, हे खरेदीच्या धामधुमीत कोणी ध्यानात घेतले नाही.

ह्या सर्वांच्या विरुद्ध टोकास जेफर्सन बर्डिक ह्यांचे उदाहरण आहे. सिराक्यूज येथील विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करणारा, संधिवाताने जखडलेला हा मनुष्य. त्याने तीन लाखांहून अधिक कार्डे व छापील चित्रे गोळा केली, त्यांची पद्धतशीर सूची सिद्ध केली, आणि १९६३ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी तो सारा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास अर्पण केला. आजचे व्यापारी ज्या क्रमांकांनी जुन्या मालिका ओळखतात ते त्याच्याच सूचीतले आहेत. कार्डास मोल आले ते अशा लोकांच्या जिव्हाळ्यामुळे. भाव नंतर आला.

म्हणून माझा निष्कर्ष असा : हा बाजार गाडीसारखा आहे. लगाम परवानेदार, तोलारी व विक्रेता ह्यांच्या हाती आहेत. परंतु गाडी ओढतो तो लहान गिऱ्हाईक, आणि तो ओढतो बाळपणाच्या आठवणीच्या व थोड्या आशेच्या बळावर. आठवण त्याची स्वतःची आहे. आशा त्याला विकली जाते. जोपर्यंत विकलेल्या आशेत काही सत्य आहे, तोपर्यंत तो ओढील. बनविणारा, तोलणारा आणि विकणारा एकच झाला, तर एके दिवशी तो मुकाट्याने खांद्यावरचे जू उतरवून ठेवील, जसे त्याने तीस वर्षांपूर्वी ठेविले होते. गिऱ्हाईक भांडून जात नाही. ते नुसते येईनासे होते. ही गोष्ट अमेरिकेतील पुठ्ठ्याच्या कार्डांस जितकी लागू, तितकीच आपल्या दुकानातील प्रत्येक मालास लागू आहे, हे व्यापारी बंधूंस अधिक सांगावयास नको.