घरी करा, पण बेगमी नको

सरबतं, मसाले, लोणची घरी करणाऱ्यांची बाजू मला मांडायची आहे. पण आधी त्याच बाजूच्या काही मंडळींशी भांडण उरकून घ्यायला हवं. बाजाराने या उद्योगाचं जेवढं नुकसान केलं नसेल, तेवढं ‘घरचं म्हणजे शुद्ध’ असं छातीठोकपणे सांगत फिरणाऱ्यांनी केलं आहे.

अमृत कोकमच घ्या. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालांच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावायचे आणि बरणी उन्हात ठेवायची. आठवडाभरात गडद लाल पाक सुटतो. त्यात कृत्रिम रंग नाही, टिकवण्यासाठी घातलेलं रसायन नाही, हे मान्य. पण सालांच्या दुपटीने साखर पडल्याशिवाय हा पाक वर्षभर राहत नाही. बाजारातल्या फळांच्या सिरपला आपल्याकडे मानक आहे: फळाचा अंश किमान २५ टक्के आणि विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ६५ टक्के. घरचा पाकही साधारण त्याच वाटेने जातो. चाळीसेक मिलिलिटर पाक पेल्यात ओतला की तीस ग्रॅमच्या आसपास साखर झालीच. ३०० मिलिलिटर कोलातही जवळपास तेवढीच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मोठ्या माणसाने दिवसाकाठी वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असं सुचवलं. एका पेल्यातच ती मर्यादा ओलांडली जाते. साखर आजीने भरली की कारखान्याने, याची चौकशी स्वादुपिंड करत नाही.

दुसरा दावा सुरक्षिततेचा. सोललेला लसूण तेलात बुडवून ती बाटली ओट्यावर महिनोन्महिने ठेवणारी घरं आहेत. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात आंबटपणा नाही. बॉट्युलिझमच्या जंतूंना आणखी काय हवं? १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका उपाहारगृहातल्या अशाच तेलातल्या लसणाने तीसहून अधिक लोकांना विषबाधा झाली. कैरीचं लोणचं टिकतं ते कैरीच्या आंबटपणामुळे आणि सढळ मिठामुळे. करणाऱ्याच्या मायेने बुरशी थांबत नसते.

आणि ‘पूर्वी सगळं घरीच व्हायचं’ हे तर निव्वळ रंगवून सांगणं. बेडेकरांचं दुकान गिरगावात १९१० साली सुरू झालं. मुंबईतल्या चाकरमान्यांच्या बायका मसाल्याचं सामान भाजून लालबागच्या डंकावर कांडून आणायच्या. वरणात पडणारा हिंग अफगाणिस्तानातून यायचा. त्याची लागवड आपल्याकडे लाहौलमध्ये सुरू झाली ती २०२० साली. घर आणि बाजार यांच्यात भिंत कधी नव्हतीच.

स्वस्ताईचंही तसंच. फुल क्रीम दुधात सहा टक्के स्निग्धांश धरला, तर किलोभर तुपाला सोळा-सतरा लिटर दूध लागेल. खास तुपासाठी दूध आणणाऱ्याने हिशोबाची वही उघडूच नये. रोजच्या दुधाची साय साठत असेल तर गोष्ट वेगळी. मग लोणी कढवावं आणि बेरीत साखर घालून खावी.

एवढं ऐकल्यावर विकतचं आणणारे विजयी मुद्रेने विचारतील, मग हा खटाटोप करायचा कशाला? त्यांचं उत्तर त्यांच्याच बाटलीत आहे. विकतचा पदार्थ आधी दुकानाच्या फळीसाठी घडतो, जिभेचा विचार नंतर. उन्हातल्या टेम्पोतून प्रवास करून, महिनोन्महिने फळीवर उभं राहूनही तो बिघडता कामा नये. म्हणून साखर वाढते, मीठ वाढतं, आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल येतं, वर सोडियम बेंझोएट. यात लबाडी नाही. टिकाऊपणाची ती किंमत आहे, आणि ती चवीतून वसूल होते. आले-लसणाची विकतची पेस्ट नाकाला निराळीच का लागते, याचं उत्तर तिच्या वेष्टनावरच छापलेलं असतं.

घराला ही सक्ती नाही. गंमत अशी की आपण ती स्वतःहून पत्करतो, कारण घरचं करायचं म्हणजे वर्षाची बेगमी हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. बेगमीला एके काळी कारण होतं. फ्रिज नव्हता, मिक्सर नव्हता, पावसाळ्यात काही वाळायचं नाही, कोकणात तर चार महिने वाटा बंद. ती कारणं गेली, पण प्रमाणं तीच राहिली. वर्षाचा गोडा मसाला एकदम करून ठेवला की त्यातलं खोबरं आणि तीळ दिवाळीपर्यंत खवट व्हायला लागतात, दगडफुलाचा वास उडून जातो. मग त्याच्यात आणि पाकिटात फरक तो काय राहिला? महिन्यापुरता करून पाहा. वाटीभर धणे, पाव-पाव वाटी खोबरं आणि तीळ, थोडं दगडफूल, नागकेशर, शहाजिरं, दालचिनी, लवंग, तमालपत्र, हिंग. थोड्या तेलात वेगवेगळं भाजायचं, गार होऊ द्यायचं, मिक्सरला फिरवायचं. अर्ध्या तासाचं काम. त्या आठवड्यातली आमटी शेजारपाजारी कळते.

सरबताचंही तेच. मूठभर आमसुलं अर्धा तास पाण्यात भिजवून कुस्करा, गाळा, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला, साखर हवी तेवढीच. पाक नाही, बरणी नाही, उन्हाची वाट पाहणं नाही. कैऱ्या उकडून त्यांचा गर गुळाशिवायच फ्रीजरमध्ये ठेवला, तर पन्ह्यात कोणाला किती गोड हवं ते पेल्यागणिक ठरवता येतं. मधुमेही काकांना आणि शाळेतून आलेल्या नातीला एकाच गरातून दोन निराळी पन्ही देता येतात. बाटली हे करू शकत नाही.

एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही: घरचं-घरचं म्हणत तुम्ही बायकांना पुन्हा ओट्याशी बांधता. एप्रिल-मे मधल्या गच्च्या आठवल्या की हे पटतं. पापड, कुरडया, सांडगे, तिखट कांडणं, लोणची. कंबर मोडायची आणि त्याला काम म्हणायलाही कोणी तयार नसायचं. म्हणून पापड विकतच आणावा, असं माझं स्पष्ट मत आहे. १९५९ साली गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यातून लिज्जत उभी राहिली आणि फुकट धरल्या जाणाऱ्या त्या श्रमाला मोबदला मिळाला. शिवाय पापड जातीनेच कोरडा. फळीवर राहून त्याचं फारसं काही बिघडत नाही. पण आमसुलं कुस्करायला किंवा धणे भाजायला ना गच्ची लागते ना चार जावा. ज्याला चहा करता येतो त्याला हे जमतं, आणि चहा करता येणारे पुरुष आता घरोघरी आहेत. बाईला कायमचं ओट्याशी उभं करत होती ती बेगमी. तिची बाजू मी घेतलेलीच नाही.

‘दर महिन्याला हे कोण करणार?’ असं कुणी म्हणेलच. सगळं करा असं म्हणतंय कोण? सॉस, व्हिनेगर, पापड, शेवया खुशाल आणा. फक्त वेष्टन वाचून आणा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. फळाचं चित्र मोठं आणि यादीत साखर पहिली, असं दिसलं की काय विकत घेतोय ते कळतं. ‘सिंथेटिक सिरप’ लिहिलेलं असेल तर त्यात फळ असण्याची अटच नसते. आणि लग्नघरी दोनशे पेले सरबत लागणार असेल तर सरळ बाटल्या मागवाव्यात. तिथे आमसुलं कुस्करत बसणाऱ्याची वकिली मी करणार नाही.