विश्लेषण : उपग्रहाला छप्पर दिसतं, कुलूप नाही! मालवण किनाऱ्यावर सर्वेक्षण आणि नकाशा जोडण्याची गरज का?

मालवण तालुक्यातलं देवबाग. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर माडांमध्ये वसलेली घरं. उपग्रहाच्या छायाचित्रात यातली बरीच छपरं मोजता येतात, किनारा किती सरकला तेही कळतं. पण कोणत्या घरात बारा महिने माणसं राहतात आणि कोणतं फक्त गणपतीला उघडतं, हे छायाचित्र सांगत नाही. त्यासाठी दारात जाऊन विचारावंच लागतं. सामाजिक संशोधनात सर्वेक्षण आणि नकाशा एकत्र वापरतात ते याचसाठी.

नेमकं काय जोडतात?

सर्वेक्षणातून कुटुंब कळतं : उत्पन्न, शिक्षण, आजारपण, स्थलांतर. उपग्रह आणि जीपीएसमधून जागा कळते : किनाऱ्यापासूनचं अंतर, उंची, रस्ता, झाडी. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची छायाचित्रं मोफत मिळतात आणि त्यातला एक ठिपका जमिनीवरचा 10 मीटर लांब-रुंद चौकोन असतो. या दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे ठिकाण. ते जुळलं की 'जिथे किनारा खचतोय, तिथली घरं आधी रिकामी होतात का?' अशा प्रश्नाचा शोध घेता येतो.

सिंधुदुर्गसाठी हे महत्त्वाचं का?

2001 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 8 लाख 68 हजार 825 होती. 2011 मध्ये ती 8 लाख 49 हजार 651 वर आली. पण हा आकडा अख्ख्या जिल्ह्याचा. कोणती वाडी मुंबईच्या नोकरीमुळे रिकामी झाली आणि कोणती समुद्राच्या भीतीने, हे त्यातून कळत नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने या किनाऱ्याला तडाखा दिला. पंचनाम्यातून पडझड कळते. पण पुढच्या काही वर्षांत कोणी होडी विकली, कोणी गाव सोडलं, हे नोंदवणं पंचनाम्याचं काम नाही.

अडचण कुठे येते?

पहिली अडचण गावाच्या व्याख्येची. कोकणातलं गाव म्हणजे वाड्यांचा पसारा. किनाऱ्यावरची रापणकरांची वाडी आणि सड्यावरची आंबा बागायतदारांची वाडी, दोन्ही नकाशावर गावाच्या एकाच बिंदूत जमा होतात. मग सरासरी निघते, पण ती दोघांपैकी कुणाचीच नसते.

दुसरी अडचण गोपनीयतेची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निवडलेल्या वस्त्यांचे अक्षांश-रेखांश संशोधकांना मुद्दाम सरकवून दिले जातात. शहरात 2 किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात 5 किलोमीटरपर्यंत, तर शंभरातल्या एका ग्रामीण वस्तीसाठी 10 किलोमीटरपर्यंत. कुठलंही कुटुंब ओळखू येऊ नये, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण देवबागसारख्या ठिकाणी एवढ्या अंतरात समुद्राकाठची वस्ती नकाशावर थेट खाडीपलीकडे जाते. अशा बिंदूवरून किनाऱ्याचं अंतर मोजलं, तर उत्तर चुकण्याचीच शक्यता जास्त.

मग करायचं काय?

घराघरांचे अचूक बिंदू सगळ्यांना खुले करा, असं अजिबात नाही. ते जमीन दलालांच्या हाती पडले तर नुकसान गावकऱ्यांचंच. माझ्या मते मधला मार्ग आहे. सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेनेच मूळ बिंदूवरून किनारा, खाडी आणि दवाखाना यांची अंतरं मोजावीत आणि '500 मीटरच्या आत' अशा गटांत प्रसिद्ध करावीत. जिथे गट फारच लहान होईल, तिथे शेजारचे गट एकत्र करावेत. म्हणजे अंतर कळेल, घर कळणार नाही.

दुसरं म्हणजे प्रश्नावलीत वाडीचा रकाना हवाच. गावात पत्ता सांगताना लोक वाडीचंच नाव घेतात.

तिसरं, पाहणीचा महिनाही नोंदवायला हवा. मे महिन्यात किंवा गणपतीत चाकरमानी घरी असतात, एरवी त्याच दाराला कुलूप असतं.

1 मार्च 2027 हा संदर्भ दिनांक असलेली जनगणना मोबाइल ॲपवर होणार आहे. वाडीनिहाय नोंदीची सवय लावण्याची ही चांगली संधी आहे. पुढचं वादळ आलं की निवारा कुठे आणि मदत आधी कुणाला, हे ठरवताना जिल्ह्याची सरासरी उपयोगाची नाही. त्या वेळी रापणकरांच्या वाडीत किती घरं आहेत आणि त्यातल्या किती घरांत माणसं आहेत, हे आधीच माहीत असायला हवं.